क्लिनिक, क्लायमेट आणि मोरचुदाचा खडा

विज्ञान दिनाच्या सुमारास आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतली मुले आमची प्रयोगशाळा पाहायला येतात. त्या दिवशी आम्ही टेबलावर स्फटिकांचे नमुने मांडून ठेवतो. मीठ, तुरटी, जिप्सम, मोरचूद अशी नेहमीचीच मंडळी. काही वर्षांपूर्वी आलेल्या मुलांत अकरावीचा एक विद्यार्थी होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि आता एकदम सगळे विज्ञान इंग्रजीतून. मोरचुदाच्या निळ्या खड्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला. खड्याखालच्या चिठ्ठीवर 'ट्रायक्लिनिक' असे लिहिले होते. शेवटी धीर करून त्याने विचारले, "सर, ह्याचा दवाखान्याशी काय संबंध?"

मोठा हशा झाला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. "काही संबंध नाही रे" असे म्हणून पुढच्या टेबलाकडे वळलो. त्या मुलाने दिवसभरात पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

संध्याकाळी आवराआवर करताना मात्र ती गोष्ट मनाला लागून राहिली. आपण 'संबंध नाही' असे सांगितले खरे, पण ते आपल्याला कुठे माहीत होते? व्युत्पत्तिकोश काढून पाहिला. संबंध होता, आणि चांगला जवळचा होता. मुलाची शंका बरोबर होती; उत्तर देणारे चुकले होते. ह्या लेखाचा जन्म त्या चुकीतून झाला.

टेकणे, कलणे आणि बिछाना

ग्रीक भाषेत 'क्लिनेइन' असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ कलणे, टेकणे, रेलणे. ज्यावर रेलायचे ती 'क्लिने', म्हणजे बिछाना किंवा कोच. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला त्याच्या बिछान्यापाशी जाऊन तपासणारा वैद्य तो 'क्लिनिकोस'. पुढे वैद्यकाचे शिक्षणही रोग्याच्या खाटेशी उभे राहून देऊ लागले आणि अशा जागेला 'क्लिनिक' हे नाव मिळाले. गंमत अशी, की मुळात वैद्य बिछान्याकडे जाई. आज रोगी क्लिनिककडे जातो आणि तिथे बहुधा बाकावर बसून नंबराची वाट पाहतो. शब्दातला बिछाना गेला, नाव राहिले.

आता मोरचूद. स्फटिकाचे वर्णन करताना आपण तीन अक्ष कल्पितो. मिठाच्या स्फटिकात हे तिन्ही अक्ष एकमेकांशी काटकोनात असतात. जिप्सममध्ये अक्षांमधल्या तीन कोनांपैकी दोन काटकोन असतात, एक नसतो. म्हणजे एक अक्ष कललेला असतो. मोरचुदात एकही काटकोन नसतो. तिन्ही अक्ष एकमेकांशी कललेले. एकोणिसाव्या शतकात स्फटिकांचे वर्गीकरण झाले तेव्हा एक कल असलेल्यांना 'मोनोक्लिनिक' आणि तीन कल असलेल्यांना 'ट्रायक्लिनिक' म्हटले गेले. मराठी परिभाषेत ह्यांना एकनत आणि त्रिनत म्हणतात. 'नत' म्हणजे वाकलेला, कललेला. मराठी शब्द ज्याला कळला त्याला इंग्रजी शब्द पाठ करावा लागत नाही. गंधकाच्या धड्यातला 'मोनोक्लिनिक' गंधकही असाच.

प्राचीन ग्रीक आणि रोमन श्रीमंत लोक मेजवानीला बसत नसत, रेलत असत. डावे कोपर उशीवर टेकायचे आणि उजव्या हाताने जेवायचे. रोमन घरातल्या जेवणाच्या दालनात तीन बाजूंना तीन कोच असत, प्रत्येकावर तिघे, म्हणजे पंगत नऊ जणांची. ह्या दालनाला 'ट्रायक्लिनियम' म्हणत. शब्दाचे दोन्ही तुकडे तेच: तीन आणि कलणे. एका जोडीतून जेवणघर झाले, दुसरीतून मोरचूद. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर आडवे होण्याला आपण वामकुक्षी म्हणतो. रोमन मंडळी डाव्या कुशीवर जेवणाआधीच जात, एवढाच फरक!

त्याच घरातली आणखी माणसे

ह्याच मुळापासून लॅटिनमधून इंग्रजीत आलेले तीन शब्द विद्यार्थ्यांना वारंवार भेटतात. 'रिक्लाइन' म्हणजे मागे रेलणे, 'इन्क्लाइन' म्हणजे एखाद्या बाजूला कलणे, आणि 'डिक्लाइन' म्हणजे दूर किंवा खाली कलणे. घट होणे आणि नम्रपणे नकार देणे हे 'डिक्लाइन'चे दोन अर्थ मुलांना वेगवेगळे वाटतात. पण देऊ केलेल्या गोष्टीपासून अंग जरा बाजूला झुकवणे हे चित्र डोळ्यांपुढे आणले, की दोन्ही अर्थ एकत्र बसतात.

'इन्क्लिनेशन'चेही दोन अर्थ आहेत: उतार आणि आवड. इथे तर आपल्याला कोशही उघडायला नको. 'रस्त्याला कल आहे' आणि 'मुलीचा कल गणिताकडे आहे' ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची जी चाचणी घेतली गेली, तिचे नावच 'कल चाचणी' होते.

सर्वांत लांबचा प्रवास केला आहे तो 'क्लायमेट' ह्या शब्दाने. ग्रीक 'क्लिमा' म्हणजे उतार, कल. ग्रीक भूगोलवेत्त्यांनी पाहिले, की उत्तरेकडे जावे तसतसा आकाशाचा कल बदलतो. ध्रुवतारा वर चढतो, दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस अधिकच मोठा होतो. ह्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या तासांवरून त्यांनी पृथ्वीचे आडवे पट्टे पाडले. प्रत्येक पट्टा म्हणजे एक 'क्लिमा'. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या ग्रंथांतही असे पट्टे आहेत. पट्टा बदलला की ऊनथंडीही बदलते, म्हणून कालांतराने पट्ट्याचे नाव तिथल्या हवामानाला चिकटले. आज आपण 'क्लायमेट' म्हणतो तेव्हा उतार कोणाच्याच मनात येत नाही. पण हवामान मुळात सूर्यकिरणांच्या कलण्यावर ठरते, हे भूगोलाचे पहिले सूत्र त्या शब्दात दडलेले आहे.

'क्लायमॅक्स' म्हणजे ग्रीक भाषेत शिडी. एकेक पायरी चढत जाणाऱ्या वक्तृत्वाला आधी हे नाव मिळाले, मग सर्वांत वरच्या पायरीला. शिडीचा कलण्याशी संबंध काय, असे कोणी विचारले तर शाळेतली शिडी आणून उभी करून दाखवावी. भिंतीला टेकल्याशिवाय ती उभी राहत नाही.

लीन, लॅडर आणि आश्रय

टेकण्यासाठी साधा इंग्रजी शब्द 'लीन', आणि शिडीसाठी 'लॅडर'. हे दोन्ही शब्दही ह्याच घराण्यातले आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. पण 'क्ली' कुठे आणि 'ली' कुठे? इथे शास्त्राची खरी करामत दिसते, म्हणून जरा थांबून पाहू.

ग्रीक-लॅटिनमध्ये जिथे 'क' असतो, तिथे इंग्रजीत अनेकदा 'ह' आणि संस्कृतमध्ये 'श' आढळतो. लॅटिन 'केन्तुम', इंग्रजी 'हंड्रेड', संस्कृत 'शत'. लॅटिन 'कानिस', इंग्रजी 'हाउंड', संस्कृत 'श्वन्', म्हणजे कुत्रा. आता 'क'च्या पुढे 'ल' आला तर? जुन्या इंग्रजीत अशा ठिकाणी 'ह्ल' असा उच्चार होता. पुढे त्यातला 'ह' झिजून गेला. संस्कृतमध्ये त्या 'ल'च्या जागी पुष्कळदा 'र' दिसतो. ग्रीक 'क्लुतोस' म्हणजे ऐकलेला, प्रसिद्ध, संस्कृत 'श्रुत', इंग्रजी 'लाउड', म्हणजे मोठ्याने ऐकू येणारे.

नियम हाती आला. मग त्याच नियमाने ग्रीक 'क्लि'चा इंग्रजी भाऊ 'लि'ने सुरू व्हायला हवा आणि संस्कृत भाऊ 'श्रि' असायला हवा. संस्कृतमध्ये 'श्रि' धातू आहे का? आहे. त्याचा अर्थ टेकणे, आधार घेणे. त्यापासून आश्रय, आश्रित. आणि निःश्रेणी म्हणजे काय? शिडी! निरीक्षण, नियम, भाकीत आणि पडताळा ही विज्ञानाची वाट इथे कागद-पेन्सिलीवर चालून पाहता येते.

नुसत्या उच्चाराच्या साम्यावर मात्र विसंबू नये. 'क्लिनिक' स्वच्छ असते म्हणून त्याचा 'क्लीन'शी संबंध असेल, असे कोणालाही वाटेल, तो नाही. 'ईश्वरचरणी लीन' मधला लीन आणि इंग्रजी 'लीन' कानाला सारखेच वाटतात, पण मुळे वेगळी आहेत. 'लीन' म्हणजे कृश, हा इंग्रजीतलाच आणखी वेगळा शब्द. आश्रय आणि आश्रम जुळे दिसतात. पण आश्रमाचे मूळ 'श्रम्' ह्या धातूत आहे, 'श्रि'मध्ये नाही. विश्रांतीही त्या 'श्रम्'मधलीच: श्रम ओसरणे ती विश्रांती.

पडून राहणे

लॅटिनमध्ये आडवे होण्यासाठी 'कुबारे' असा शब्द होता. निजण्याची खोली ती 'क्युबिकल'. आज कचेरीत जागे राहण्याच्या खोपटाला आपण तेच नाव देतो. अंड्यांवर पडून राहणे ते 'इन्क्युबेशन'. कोंबडी जे करते त्याला मराठीने 'उबवणे' म्हटले, कारण मराठीला ऊब महत्त्वाची वाटली. लॅटिनने त्यातली बैठक पाहिली. रोगजंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ हा 'इन्क्युबेशन पीरियड'. आपल्या पुस्तकांत ह्याला 'अधिशयन काल' म्हणतात. हा शब्द अवघड आहे अशी तक्रार आम्ही अनेकदा ऐकली आहे. पण तो फोडून पाहा: अधि म्हणजे वर, शयन म्हणजे पडणे. लॅटिन शब्दाचेही नेमके हेच दोन तुकडे आहेत.

संस्कृत 'शी' म्हणजे निजणे. शयन, शय्या, आणि शय्येवरून मराठी शेज. देवाला निजवतानाची ती शेजारती, आणि आषाढात विष्णू ज्या दिवशी निजतो असे मानतात ती शयनी एकादशी. पण विज्ञानाच्या शिक्षकाने खरे लक्ष द्यावे ते 'आशय' ह्या शब्दाकडे. जिथे काही येऊन पडून राहते तो आशय. म्हणून जलाशय, मूत्राशय, पित्ताशय, गर्भाशय. कवितेचा आशय म्हणजेही तिच्या आत जे विसावलेले आहे ते. शरीरशास्त्राचा धडा शिकवताना एवढे सांगितले तर चार नावे चार वेळा पाठ करावी लागणार नाहीत. 'शी'चा ग्रीक भाऊ इंग्रजीत 'सेमेटरी' ह्या शब्दात सापडतो. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'निजण्याची जागा'. आज आपण त्याला दफनभूमी म्हणतो.

खाटेची गोष्टही सांगायला हवी. इंग्रजीतला 'कॉट' हा बिछाना म्हणजे आपली खाटच. इंग्रज इथून तो शब्द घेऊन गेले आणि इस्पितळांच्या वॉर्डांतून तो 'कॉट नंबर अमुक' असा आपल्याकडे परत आला.

'लाय' आणि 'ले' यांचा घोटाळा

इंग्रजीच्या तासाला ह्या दोन क्रियापदांनी किती मुलांचे गुण खाल्ले असतील! आमच्याही पहिल्या शोधनिबंधात मार्गदर्शकांनी ह्याच ठिकाणी लाल रेघ ओढली होती. 'लाय' म्हणजे स्वतः पडणे. त्याची पुढची रूपे 'ले' आणि 'लेन'. 'ले' म्हणजे दुसऱ्याला ठेवणे, निजवणे. त्याची रूपे 'लेड' आणि 'लेड'. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ सारखाच दिसतो, तिथे सगळा गोंधळ होतो.

ह्याची किल्ली मराठी मुलाच्या खिशात आधीच असते. आंबा पडतो, मुलगा आंबा पाडतो. गाय चरते, गुराखी गाय चारतो. मरणे-मारणे, तरणे-तारणे, सरणे-सारणे. क्रिया आपोआप घडत असेल तर एक स्वर, कोणी घडवून आणत असेल तर दुसरा. इंग्रजीतही नेमके हेच आहे: 'सिट' आणि 'सेट', 'राइज' आणि 'रेज', 'फॉल' आणि 'फेल', म्हणजे झाड पाडणे. 'लाय' आणि 'ले' ही त्याच रांगेतली जोडी.

हा योगायोग नाही. संस्कृतमध्ये 'पतति'चे प्रयोजक रूप 'पातयति'. त्यातून आपले पडणे-पाडणे आले. त्यातल्या 'अय' ह्या प्रत्ययाचा सख्खा भाऊ इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही होता. तो प्रत्यय झिजून गेला, स्वरातला बदल तेवढा मागे उरला. 'सिट'चा संस्कृत भाऊ 'सद्', ज्यापासून सदन, संसद, परिषद झाले. 'नि' आणि 'सद्' मिळून जिथे बसायचे ती जागा म्हणजे नीड, पक्ष्याचे घरटे. इंग्रजी 'नेस्ट' हा त्याच नीडाचा भाऊ आहे.

विसावा म्हणजे काय?

आता 'रेस्ट'. इंग्रजीत हे दिसायला एक, पण प्रत्यक्षात दोन शब्द आहेत. विश्रांती हा जुना जर्मानिक शब्द. 'उरलेला भाग' हा अर्थ असलेला 'रेस्ट' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ 'मागे उभे राहणे'. म्हणजे एक 'रेस्ट' आडवा आहे, दुसरा उभा! विश्रांतीवाल्या 'रेस्ट'चा गॉथिक भाषेतला भाऊ 'रास्ता' हा मात्र अंतर मोजायला वापरत: जेवढे चालून थांबायचे तेवढे अंतर. आपली 'मजल'ही अशीच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ उतरण्याची जागा, आणि आपण म्हणतो 'लांबची मजल मारली'.

पदार्थविज्ञानात हा शब्द आला की खरी अडचण सुरू होते. टेबलावरचे पुस्तक 'अ‍ॅट रेस्ट' आहे. मुलांना वाटते, पुस्तक विसावले आहे, म्हणजे त्यावर काही घडत नाही. प्रत्यक्षात गुरुत्व त्याला खाली ओढते आहे आणि टेबल तेवढ्याच बलाने वर रेटते आहे. पुस्तक थकलेले नाही, निजलेलेही नाही. त्यावरची बले फक्त समतोल आहेत. जीवशास्त्रातही तेच. निजलेल्या माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या काळात शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो घेतो. 'रेस्ट' म्हणजे 'काही न घडणे' नव्हे, हे दोन्ही तासांना सांगायला हवे.

आडवे पडणे आणि विश्रांती ह्यांतला फरक वैद्यकालाही उशिरा कळला. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. कष्टाच्या वेळी ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सुमारे पाव हिश्श्याने घटली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षे वय वाढूनही एकाचीही क्षमता त्या तीन आठवड्यांनंतर होती त्याहून खाली गेलेली नव्हती! आज शस्त्रक्रियेनंतर शक्य तितक्या लवकर रोग्याला उठवून चालवतात, त्यामागे अशा अभ्यासांचा वाटा आहे. 'क्लिनिक'मधला बिछाना शब्दातून गेला होताच. आता तो उपचारातूनही थोडा मागे सरकला आहे.

वर्गात करून पाहा

१. कोरडी वाळू किंवा रवा नरसाळ्यातून सावकाश ओता. ढीग होतो. आणखी ओता. ढीग मोठा होतो, पण त्याच्या बाजूचा उतार बदलत नाही. ह्या उताराच्या कोनाला इंग्रजीत 'अँगल ऑफ रिपोज', म्हणजे विसाव्याचा कोन म्हणतात. ढिगाची उंची आणि तळाची त्रिज्या मोजा. उंची भागिले त्रिज्या ही त्या कोनाची टॅन्जंट. उंची ३ सेंमी आणि त्रिज्या ५ सेंमी असेल तर कोन सुमारे ३१ अंश. कोरड्या वाळूचा कोन साधारण ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान येतो. रवा, तांदूळ, मोहरी ह्यांचे कोन मोजून तुलना करा. कोणते दाणे एकमेकांना अधिक धरून ठेवतात? कलणे आणि विसावणे इथे एकाच ढिगात दिसते.

२. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंशांवर आहे ते कोनमापक आणि ओळंब्याने मोजा. पुण्यात हा कोन साधारण साडेअठरा अंश, नागपुरात एकवीस अंशांच्या आसपास येईल. हाच आपल्या गावाचा अक्षांश, आणि हाच ग्रीकांचा 'क्लिमा'.

३. मुलांकडून मराठीतल्या शब्दांची यादी करून घ्या: टेकणे, रेलणे, कलंडणे, लवंडणे, पहुडणे, लोळणे, पाठ टेकणे, अंग टाकणे. प्रत्येकाचा नेमका फरक हावभावांनी दाखवायला सांगा. घागर लवंडते, पण पहुडत नाही, का? मग त्या शब्दांना जवळचे इंग्रजी शब्द शोधू द्या.

त्या मुलाला आम्ही त्याच्या महाविद्यालयाच्या पत्त्यावर पत्र लिहिले. 'तुझा प्रश्न बरोबर होता, आम्ही हसलो ते चुकले' एवढे सांगून पुढे वरची हकीकत थोडक्यात लिहिली. उत्तर आले ते पोस्टकार्डावर. त्यात आभार वगैरे काही नव्हते, फक्त एक प्रश्न होता: "मग अँटिक्लाइन आणि सिंक्लाइन हेपण त्याच घरातले का?"

खडकांच्या थरांच्या वळ्यांची ही नावे आहेत. एकीत थर मध्यापासून दोन्हीकडे उलट दिशांना कलतात, दुसरीत दोन्हीकडून मध्याकडे. हो, त्याच घरातले. ह्या वेळी आम्ही उत्तर देण्याआधी कोश पाहिला.